नाशकात फ्लॅट बघताय? किलोमीटर सोडा, चौक मोजा

नाशकात फ्लॅट बघायला निघालात की पहिल्याच साईटवर एक वाक्य कानावर पडणारच, "सर, इथून सगळं दहा मिनटावर आहे." रविवारी दुपारी दोनला गेलात तर ते खरंही वाटतं कारण अर्धं गाव मिसळ खाऊन झोपलेलं असतं, रस्ते मोकळे. तोच रस्ता सोमवारी सकाळी साडेनऊला धरा, दहा मिनटं द्वारकेच्या अलीकडेच संपतात आणि चौक अजून ओलांडायचाच असतो.

म्हणून मला कोणी विचारलं की मी एकच सांगतो, किलोमीटर मोजू नका, चौक मोजा. नाशिक तसं काही मुंबई-पुण्यासारखं पसरलेलं नाही, सीबीएसपासून (गावातलं मुख्य बसस्टँड) नाशिकरोड स्टेशन नऊ-दहा किलोमीटर, पण दोन गोष्टींनी गावाचे तुकडे पडलेत, एक गोदावरी आणि दुसरा मुंबई-आग्रा हायवे. नदी ओलांडायला ठरलेले पूल आणि हायवे ओलांडायला ठरलेले बोगदे नाहीतर चौक, आणि सगळं गाव एकाच वेळी तिथेच येऊन अडकतं. द्वारका, मुंबई नाका, इंदिरानगरचा बोगदा, राणेनगरचा बोगदा, मायको सर्कल, सिटी सेंटर मॉलचा सिग्नल, रविवार कारंजा, निमाणी, बिटको चौक. तुमच्या रोजच्या रस्त्यात यातले किती येतात ते बोटावर मोजा. एक आला तर चालतंय, दोन आले तर घरात बसून बोला, तीन आले तर तो फ्लॅट कितीही देखणा असला तरी दुसऱ्या कोणालातरी घेऊ द्या.

हायवेवरचा उड्डाणपूल पाथर्डी फाट्याच्या बाजूने थेट के. के. वाघ कॉलेजपर्यंत नेतो हे खरंय, पण त्याचा फायदा कोणाला, तर ज्याच्या घराजवळ चढायची आणि ऑफिसजवळ उतरायची जागा आहे त्याला. बाकीच्यांनी खालच्या सर्व्हिस रोडनेच रांगत जायचं. तेव्हा "पूल शेजारून जातो" आणि "पुलावर चढता येतं" यातला फरक साईटवर उभं राहून बघा.

आधी माणसं मांडा, मग एरिया

एक कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचं रोजचं ठिकाण लिहा. नुसता नवऱ्याचा कारखाना नाही, बायकोचं ऑफिस, पोरांची शाळा, अकरावी-बारावीचा क्लास, आजींचा दवाखाना, सगळं. नाशकात घोळ होतो तो इथेच, की नवरा अंबडला, बायको नाशिकरोडला आणि मुलांची शाळा गंगापूर रोडला, आणि मग सगळ्यांच्या मधोमध म्हणून लोक मुंबई नाक्याजवळ किंवा गोविंदनगरला घर बघतात, की सगळ्यांना सारखंच लांब. मला हे पटत नाही. मधोमध घर घेतलं की घरातला प्रत्येक माणूस रोज गर्दीच्या पोटातून जातो. त्यापेक्षा ज्याला कंपनीची बस आहे त्याला लांब पडू द्या, तो बसमध्ये झोप काढेल, आणि ज्याला स्वतः गाडी हाकायची आहे, मुलांना सोडून पुढे जायचंय, परत येऊन स्वयंपाकाला लागायचंय (बहुतेक घरात हे कोण करतं ते सांगायला नको) तिच्या जवळ घर घ्या. मुलांची शाळा बदलता येते का हेही आत्ताच ठरवा, कारण दहा वर्षं शाळेच्या व्हॅनचे पैसे भरत बसण्यापेक्षा घराजवळची बरी शाळा केव्हाही परवडते, आणि पोरगं सकाळी अर्धा तास जास्त झोपतं.

कंपनीच्या बसचं एक बघा, ती तुमच्या बिल्डिंगखाली येत नाही, तिचे ठरलेले थांबे असतात. एचआरकडून आधी रूट आणि थांब्यांची यादी मागून घ्या, नंतर फ्लॅट शोधा. थांब्यापासून चालत जाता येईल असं घर मिळालं तर अर्धं काम झालं, थर्ड शिफ्ट सुटल्यावर सकाळी रिक्षा शोधत उभं राहावं लागत नाही.

आता कुठे काम करणाऱ्याने कुठे बघावं. सातपूर-अंबडवाल्यांसाठी सिडको, कामटवाडे, पाथर्डी फाटा, अशोकनगर, श्रमिकनगर हे जुनं गणित आहे आणि अजून तेच बरोबर आहे, हायवे ओलांडायची भानगडच नाही. थोडं बजेट असेल तर ध्रुवनगर, आनंदवल्ली, गंगापूर गावाकडची बाजू बघा, तिथून सातपूरला मागच्या मागे उतरता येतं. फक्त सातपूर-अंबड लिंक रोडच्या कडेला घेताना जपून, ट्रक-टेम्पो रात्रभर चालू असतात आणि वारा एमआयडीसीकडून आला की कोणत्या कारखान्यात काय शिजतंय ते बेडरूममध्ये कळतं. दिवसा वास येत नाही म्हणून फसू नका, रात्री अकराला जाऊन उभे राहा.

सिन्नर, माळेगाव, मुसळगावला जाणाऱ्याने सरळ नाशिकरोडची बाजू धरावी, जेलरोड, उपनगर, विहितगाव, सिन्नर फाटा. कॉलेज रोडला राहून सिन्नरला जाणारी माणसं मला माहितीयेत, पगार चांगला आहे आणि घर भारी आहे पण रोज संध्याकाळी नाशिकरोड, उपनगर, द्वारका अशी वारी करून येतात तेव्हा त्या भारी घरात फक्त झोपायला येतात. गोंदे-वाडीवऱ्हेवाल्यांना पाथर्डी फाटा आणि इंदिरानगर सोयीचं, गाडी काढली की थेट हायवे, शहर पाठीमागे. ओझरला एचएएलमध्ये किंवा आडगावकडच्या कॉलेजात असाल तर अमृतधाम, कोणार्कनगर, धात्रक फाटा, आडगाव. दिंडोरीकडच्या एमआयडीसीत किंवा आरोग्य विद्यापीठात असाल तर म्हसरूळ आणि दिंडोरी रोड. म्हणजे नियम एकच, सकाळी शहराच्या बाहेर तोंड करून निघायचं, शहरात घुसायचं नाही.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो, दिशा पण बघा. पूर्वेला घर आणि पश्चिमेला काम असेल, समजा आडगावला राहून सातपूरला जाताय, तर सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. उलटं असेल तर जाता-येता दोन्ही वेळा ऊन डोळ्यात, आणि बाईकवर एप्रिल-मे मध्ये हे काय असतं ते बाईकवाल्यालाच माहिती. यासाठी कोणी फ्लॅट बदलू नये अर्थात, पण दोन सारखे पर्याय असतील तर विचारात घ्यायला काय हरकत आहे.

मुंबईला अप-डाऊन करणारे वेगळीच जमात. पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून चालू आहे आणि तिच्यावर कित्येक घरं उभी राहिलीत, पण ती सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला असते आणि संध्याकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून सुटून इथे यायला साडेनऊ-दहा वाजतात. त्यामुळे रोज किंवा आठवड्यातून तीन-चारदा जायचं असेल तर नाशिकरोड, जेलरोड, देवळाली गाव याच्या पलीकडे बघूच नका. गंगापूर रोडहून सकाळी सहाला निघणं एक वेळ जमतं, रस्ता रिकामा असतो, पण रात्री दहाला उतरून परत दहा-बारा किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी परत पहाटेचा गजर, हे फार दिवस टिकत नाही. गाडीने जाणाऱ्यांना जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा उघडल्यापासून कसारा घाट टाळता येतो, त्यांनी पाथर्डी फाटा, विल्होळीची बाजू बघावी.

जे अजून नाही त्यावर पैसे लावू नका

ब्रोशरवर एक नकाशा असतो, त्यात तुमची बिल्डिंग मधोमध आणि आजूबाजूला एअरपोर्ट, रिंग रोड, मेट्रो, सगळं जवळजवळ चिकटलेलं. निओ मेट्रोसाठी २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये २,०९२ कोटींची घोषणा झाली तेव्हा गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत प्रत्येक साईटला "मेट्रो टच" चिकटलं होतं. रबरी टायरवरची ती मेट्रो तेव्हापासून कागदावरच धावतीये. नाशिक-पुणे सेमी हायस्पीड रेल्वेचंही तसंच, तिचा मार्ग कुठून यावरच घोळ चालू. होईल तेव्हा होईल, आनंदच आहे, पण आज हातात काय आहे त्यावर भाव करा. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा जेमतेम किलोमीटरभराचा स्मार्ट रोड करायला किती काळ लागला ते ज्यांनी भोगलंय त्यांना जास्त सांगायला नको.

आज हातात आहे ती सिटीलिंक. जुलै २०२१ पासून मनपाची ही बस चालू आहे आणि मुख्य रस्त्यांवर बरी चालते, पण आतल्या कॉलन्यांमध्ये फेऱ्या कमी. ॲपवर रूट दिसला म्हणून समाधान मानू नका, थांब्यावर जाऊन तिथे रोज उभ्या राहणाऱ्या कॉलेजच्या मुलींना विचारा बस वेळेत येते का आणि शेवटची किती वाजता. घरात म्हातारी माणसं किंवा गाडी न चालवणारं कोणी असेल तर शेअर रिक्षा कुठून मिळते हे त्याहून महत्त्वाचं, नाशिकरोड-द्वारका-शालिमार या लाईनवर हात केला की रिक्षा मिळते, चांदशी-जलालपूरकडे ॲपवरची गाडी सुद्धा कधी कधी कॅन्सल होते.

रस्त्याची परीक्षा स्वतः घ्या, मॅपवर नको. कामाच्या दिवशी तुमच्या खऱ्या वेळेला, तुम्ही रोज जी गाडी चालवता त्याच गाडीने, त्या साईटच्या गेटपासून ऑफिसच्या पार्किंगपर्यंत जा. मग संध्याकाळी उलटं. जमलं तर एकदा लग्नसराईतल्या तारखेला पण जा, कारण नाशकात लॉन्स हा वेगळा विषय आहे. छत्रपती संभाजीनगर नाक्यापासून पुढे, गंगापूर रोडला, पाथर्डीकडे, लाईनीत लॉन्स आहेत आणि मुहूर्ताच्या दिवशी वरात रस्त्यावर, गाड्या दोन्ही कडेला, आणि डीजेचा दणका तुमच्या हॉलच्या काचेवर. फ्लॅटच्या बाल्कनीतून हिरवंगार लॉन दिसतंय म्हणून खुश होणाऱ्याने ते कशाचं लॉन आहे ते विचारावं.

२०२७ चा सिंहस्थ लक्षात ठेवा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. पंचवटी, तपोवन, जुनं नाशिक या भागात घर असेल तर पर्वणीच्या दिवसांत तुमच्याच गल्लीत गाडी न्यायला अडचण, २०१५ ला बॅरिकेडिंगने लोक किती वैतागले होते ते तिथल्या कोणालाही विचारा. त्याच्या आधीची खोदाई वेगळीच. पण बारा वर्षांतून एकदा येणारी गोष्ट आहे, एवढ्यासाठी चांगलं घर सोडू नये, उलट त्या निमित्ताने रस्ते होतात.

पाणी, पूर आणि द्राक्षबाग

पाण्याचं सेल्स ऑफिसमध्ये विचारून उपयोग नाही, तिथे चोवीस तास पाणीच असतं. शेजारच्या राहत्या सोसायटीत जा, वॉचमनला नाहीतर इस्त्रीवाल्याला विचारा नळ किती वाजता येतो, किती वेळ, आणि उन्हाळ्यात टँकर किती येतात. सोसायटीचे सेक्रेटरी भेटले तर मेंटेनन्समध्ये टँकरचा खर्च किती पडतो तेवढं बघा, त्यावरून सगळं कळतं. गंगापूर धरण भरलेलं असणं आणि तुमच्या टाकीत पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मधे पाईपलाईन लागते. मनपा हद्दीच्या बाहेर, म्हणजे ग्रामपंचायतीत घर घेताय तर पाणी, ड्रेनेज, घंटागाडी, पथदिवे हे एकेक वेगळं विचारा. देवळाली कॅम्पला कॅन्टोन्मेंट बोर्ड, तिथले नियम आणि कर वेगळे, हवा मात्र अजूनही गावातली सगळ्यात छान.

नदीकाठचं घर म्हटलं की डोळ्यासमोर सोमेश्वरचा धबधबा येतो, पण माझ्या डोळ्यासमोर दुतोंड्या मारुती येतो. रामकुंडाजवळच्या या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलं, गळ्यापर्यंत आलं, यावरून आख्खं नाशिक पुराचं माप काढतं. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वेळा गोदावरीने काय केलं ते काठावरच्या लोकांना पाठ आहे. पूररेषा दोन असतात, निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या पुराची. प्लॉट यांच्या आत आहे का बाहेर ते राजीव गांधी भवनात नगररचना विभागात जाऊन बघता येतं. नुसती गोदावरीच नाही बरं का, नासर्डी, वालदेवी, वाघाडी आणि बुजवलेले नाले पण. नाला बुजवला म्हणून पाणी वाट विसरत नाही, ते बेसमेंटच्या पार्किंगमध्ये येतं. जमत असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस पडून गेल्यावर तासाभरात साईटवर चक्कर मारा, चपला बुडतात का ते कळेल.

आणि मग तो प्रसिद्ध द्राक्षबागेचा व्ह्यू. मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावकडे हा हमखास विकला जातो. बाग सुंदर दिसते यात वाद नाही, पण ऑक्टोबर छाटणी झाली की फवारणी चालू होते, ट्रॅक्टरवरचा ब्लोअर पहाटे-संध्याकाळी घोंगावतो आणि औषधाचा वास थेट बाल्कनीत. शेतकऱ्याचं काही चुकत नाही, तो तुमच्या आधीपासून तिथे आहे. घरात कोणाला दमा असेल तर तीन-चार प्लॉट सोडून बघा. आणि हा व्ह्यू कायमचा नाही, चार वर्षांत तिथे सातमजली उभी राहिली तर तक्रार करायला जागा नाही. उसाची शेतं आणि नदीचा काठ जवळ असेल, दारणेच्या बाजूला वगैरे, तर बिबट्याची पण चौकशी करून ठेवा, हसू नका, तो सिडकोतल्या भर वस्तीत सुद्धा येऊन गेलाय.

रात्रीची चक्कर आणि कागदं

एकदा रात्री दहाला बायको-बहीण-आई, जी कोणी तिथे राहणार आहे तिला घेऊन जा आणि मुख्य रस्त्यापासून बिल्डिंगपर्यंत चालत जा. दिवे आहेत का, कोपऱ्यावर परमिट रूम आहे का, कुत्री किती, रस्त्यावर लावलेल्या गाड्यांना काय होतं. तिला नको वाटलं तर विषय संपला, तिला वाद घालून पटवू नका.

रस्त्याबद्दल एक शब्द नीट ऐका, "डीपी रोड". समोर कच्चा रस्ता आणि दोन्हीकडे शेत असतं आणि सांगतात की हा अठरा मीटरचा डीपी रोड आहे. असेलही, विकास आराखड्यात रेघ असेल, पण जमीन ताब्यात आली नसेल तर ती रेघ वर्षानुवर्षं रेघच राहते. झोन दाखला (जमीन कुठल्या वापरासाठी आहे त्याचा कागद) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तेवढ्या भागाचा नकाशा) काढा, आणि आजच्या तारखेला गाडी कुठल्या रस्त्याने येते, तो कोणाच्या जमिनीतून जातो ते विचारा. बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर आराखड्यात काय टाकलंय तेही त्याच नकाशात दिसतं.

बाकी कागद थोडक्यात. प्रोजेक्टचा महारेरा नंबर महारेराच्या (बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) वेबसाईटवर टाकून ताबा कधी देणार म्हणून लिहिलंय ते वाचा, सेल्सवाला काय बोलतो ते सोडा. क्षेत्रफळ रेरा कार्पेटमध्येच (म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा) बोला, सेलेबल-बिल्टअप ऐकून घ्या आणि विसरा. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो, नाशकात ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का, आणि कम्प्लिशन सर्टिफिकेट (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेल्या फ्लॅटवर काहीच नाही. बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, जॉइंटमध्ये नवऱ्याचं नाव घातलं की ती जाते. नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,०००.

आता पैशाचा खरा हिशोब, कारण शेवटी सगळे इथेच येतात, की लांबचा स्वस्त का जवळचा महाग. समजा जवळचा पाच लाखांनी महाग आहे. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी पाच लाखांचा हप्ता महिन्याला साधारण ४,३४० रुपये. लांबच्या घरामुळे एका बाजूने दहा किलोमीटर जास्त पडत असेल तर महिन्याचे पंचवीस दिवस धरून पाचशे किलोमीटर, बाईकला दहा लिटर पेट्रोल, कारला तेहतीस. म्हणजे बाईकवाल्याचे हजारभर आणि कारवाल्याचे साडेतीन हजार. नुसत्या पेट्रोलवर बघाल तर लांबचाच जिंकतो, हे मी लपवत नाही. पण जाऊन-येऊन रोजची चाळीस मिनटं धरा, महिन्याला सोळा-सतरा तास होतात, आणि घरातली दोन माणसं त्याच रस्त्याने जात असतील तर दुप्पट. त्या तासांचा भाव तुम्हीच लावा. ज्याला घरून काम आहे आणि आठवड्यातून एकदाच ऑफिस, त्याने खुशाल लांबचं मोठं घर घ्यावं, त्याच्यासाठी चौकाचा हिशोब लागू नाही, त्याने इंटरनेटची लाईन आणि लाईट जाण्याचं प्रमाण बघावं.

अजूनही ठरत नसेल तर त्याच एरियात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहून बघा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्यात निघून जातो. नाशकात नवीन बदलून आलेल्यांनी तर हेच करावं, भाडं वाया जातं वगैरे नातेवाईकांचं ऐकू नये. आणि टोकन द्यायची वेळ आलीच तर "आज रात्रीपर्यंतच हा रेट आहे" याला भुलू नका, उद्याही तोच असतो, आणि किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम रजिस्टर्ड ॲग्रीमेंट केल्याशिवाय बिल्डरला कायद्याने घेता येत नाही. चेकने द्या, पावतीवर फ्लॅट नंबर, कार्पेट आणि पार्किंग लिहून घ्या.